गारेची धार आणि आमचा वरवंटा

आमच्या भावकीचा वरवंटा माझ्या हातून फुटला तेव्हा बारशाला सोळा दिवस राहिले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी मुलांना दगडाची हत्यारं करायला कशी शिकवली याचं बरंच कौतुक येणार आहे, आणि वाचणाऱ्याने त्याला फार भुलू नये.

बारसं माझ्या धाकट्या जावेच्या मुलीचं. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर झालेली ही मुलगी दिवस भरायच्या आधीच घाईने आली, तीन आठवडे अलिबागच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिली आणि एप्रिलच्या शेवटी घरी आली. जावेला माहेरी आई नाही, त्यामुळे बाळंतपण आमच्याकडेच. दीर रोह्याला कारखान्यात, तो शनिवारी येणार. म्हणजे शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू सगळं माझ्याकडे. मी ते हौसेने करत होते. या मुलीची वाट आम्ही सगळ्यांनीच पाहिली होती, आणि जाऊ माझ्याशी कधी एका शब्दाने वाकडं बोललेली नव्हती. बाराव्या दिवसाचं बारसं राहूनच गेलं होतं, ते मेच्या अखेरीला करायचं ठरलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. शाळा खाडीपलीकडे दिघीला, घर अलीकडे, आगरदांड्याहून मुरूडकडे येताना लागणाऱ्या एका वाडीत. वर्षभर मी खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीच्या, म्हणजे जंगलजेटीच्या, कठड्याला टेकून वह्या तपासते आणि वाऱ्याशी भांडते. सुट्टीत भांडायला वारा मिळत नाही, म्हणून मुलं मिळतात. थोरली अकरा वर्षांची, धाकटा आठ. बाळ झोपलंय, आवाज करू नका, हे मी त्यांना दिवसातून वीस वेळा सांगायची, आणि विसाव्या वेळी इतक्या मोठ्याने सांगायची की बाळ उठायचं. मग जाऊ आतून म्हणायची, "असू दे ताई, उठायचीच वेळ झाली होती." तशी वेळ झालेली नसायची.

अशा एका दुपारी थोरलीने इतिहासाचं पुस्तक पुढे केलं. अश्मयुगाचा धडा. केसाळ माणूस, हातात दगड, समोर हरिण. "आई, दगडाने खरंच कापलं जातं? का नुसतं लिहिलंय?"

कापलं जातं, असं सांगून मी मोकळी होऊ शकले असते. पण मला तिचा प्रश्न आवडला. पुस्तकावर अविश्वास दाखवणारी पोरं वर्गात मिळत नाहीत, इथे घरात एक निघाली. शिवाय दगड फोडायचे तर घरापासून लांब जावं लागणार, म्हणजे बाळाचीही झोप होईल. मी म्हटलं, "करून बघू."

वाडीच्या टोकाला, समुद्राकडच्या दगडी गडग्याला लागून एक उंडीचं झाड आहे. तिथे सावली असते आणि लाटांच्या आवाजात ठोकाठोक ऐकू जात नाही. तिथे आम्ही कारखाना मांडला. मांडीवर घ्यायला जुनी गोणपाटं, डोळ्यांना सगळ्यांच्या उन्हाच्या काळ्या काचा, पायात बूट. धाकट्याला बुटांचा भारी राग आला. आदिमानव कुठे बूट घालायचा, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, त्याला आई ओरडत नव्हती.

पहिले चार दिवस आमचं पार हसं झालं. किनाऱ्यावरचे काळे गोटे आणले, ते फुटेचनात. फोडणाऱ्याच्या हाताला तेवढ्या झिणझिण्या यायच्या. मग पांढरी गार, म्हणजे गारगोटी, आणली. ती फुटायची, पण तिचा नुसता चुरा व्हायचा, जाड्या मिठासारखा. थोरलीने वहीत तारखा टाकून निरीक्षणं लिहायला सुरुवात केली होती. चौथ्या दिवशीचं निरीक्षण होतं, 'आईला राग आला.'

पाचव्या दिवशी मुरूडच्या बाजाराला गेलो. तिथे रस्त्याच्या कडेला एक पाथरवटीण पाटे, खलबत्ते आणि छोटी जाती घेऊन बसते. घरोघर मिक्सर आल्यापासून तिचं गिऱ्हाईक म्हणजे मुंबईचे पर्यटक. ते खलबत्ता नेऊन दिवाणखान्यात ठेवतात. मी तिला आमची अडचण सांगितली. तिने आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मास्तरीन ना तुमी?"

"हो."

"मंग दाखवा कशी मारता."

धाकट्याच्या पिशवीत गारेचा एक गोटा होता. मी तो डाव्या हातात धरला आणि दुसऱ्या दगडाने त्याच्या पोटावर बरोबर मधोमध घाव घातला. गोटा थोडा फिरवला, पुन्हा मधोमध. पुन्हा फिरवला. ती बाई हसायला लागली ती थांबेचना. शेजारचा कांदेवालाही हसायला लागला.

"नारल हाय का त्यो?" ती म्हणाली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही वाडीवाले. नारळ फोडायचा म्हणजे हातात धरून कमरेवर चहूबाजूंनी ठोकत जायचं, की मग तो दोन सारख्या वाट्यांत उघडतो. पिढ्यान्‌पिढ्या हात त्याला सरावलेले. चार दिवस आम्ही तिघंही दगडाचे नारळ फोडत होतो आणि पाणी निघत नाही म्हणून रागावत होतो.

तिने गोटा माझ्या हातून घेतला. "मधी न्हाय मारायचं. हितं, काठाला. आन् सरळ न्हाय, तिरपं. घाव बाहीर जाया पायजे." तिने अगदी कडेजवळ, जेमतेम बोटाचं एक पेर सोडून, खाली सरकवल्यासारखा घाव घातला. टिक्‌ असा बारीक आवाज झाला आणि तिच्या तळहातावर एक पातळ कपची पडली. तिने ती थोरलीला दिली. "सांभाळ, रक्त काढंल."

गारसुद्धा तिने निवडायला शिकवली. खडीसाखरेसारखी दाणेदार दिसते ती नको. मेणासारखी, धुरकट, उजेडात धरली की कड जराशी पारदर्शक दिसते ती घ्यायची. आमच्याकडे रस्ता रुंद करायला डोंगर कापलाय, त्या दरडीत असले गोळे मिळतात. आणि मारायचा दगड? "त्यो हाताच्या मापाचा पायजे. गोल आन् निब्बर. असा न्हाय का हात भरंल असा." हे वाक्य मी फारच मन लावून ऐकलं.

पुढचा आठवडा माझ्या आयुष्यातल्या चांगल्या आठवड्यांपैकी एक होता. सकाळी बाळाचं अंघोळपाणी, धुरी, जावेचं जेवण आटोपून आम्ही तिघं उंडीखाली जायचो. थोरलीचा हात लवकर बसला. ती घाव घालण्याआधी दगड बराच वेळ फिरवून बघायची, कुठे कड सरळ आहे, कुठे कोन बरा आहे. मग एकच घाव. कपची पडायची. धाकटा दहा घाव घालायचा, त्यातला एक चुकून बरा लागायचा. मी दोघांच्या मधली. कपच्यांनी आम्ही सुपारीच्या झावळीचं जाड कातडं, विरी, कापली, सुंभ कापलं, आणि एक दिवस मेथांब्यासाठी आख्ख्या डझनभर कैऱ्या चिरल्या. सुरीपेक्षा वेळ लागला, पण फोडी लोखंडाने काळ्या पडतात तशा पडल्या नाहीत. थोरलीने वहीत लिहिलं, 'खरंच कापतं.' त्याखाली दोन रेघा मारल्या.

धाकट्याला कापण्यात रस नव्हता, त्याला भाला हवा होता. फणस सोलला त्या दिवशी त्याने चीक गोळा केला, राखेत कालवला, काठीच्या फटीत टोकदार कपची बसवून वरून चीक चोपडला आणि काथ्याने आवळून टाकला. दोन दिवसांनी तो इतका घट्ट बसला की मीच थक्क झाले. तो भाला घेऊन जावेच्या खोलीच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "काकी, आता बाळाला कुणीही त्रास देऊ दे." जाऊ हसली. बाळंतपणानंतर ती अशी मोकळी हसलेली मी पहिल्यांदाच पाहिलं.

दरडीतून एक मोठा गोळा आणला होता, कलिंगडाएवढा. त्याला आमचे छोटे मारायचे दगड पुरेनात. एक फुटला, दुसऱ्याची कड उडाली. ऊन चढत होतं आणि माझा पारा त्याच्याबरोबर. हात भरेल असा, गोल, निब्बर. मी तडक घरात गेले आणि मागच्या पडवीतून वरवंटा उचलून आणला.

आता या वरवंट्याविषयी सांगायला हवं. पाटा-वरवंटा वापरून आम्हाला वर्षं झाली, पण हा वरवंटा नुसता वाटणाचा नव्हे. बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात, त्याला टोपडं घालून पाळण्याखालून-वरून या हातातून त्या हातात देतात, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणतात, हे सगळीकडेच आहे. आमच्या भावकीत मात्र त्यासाठी हा एकच वरवंटा चालतो. बारसं कोणाच्याही घरी असो, वरवंटा आमच्याकडून जाणार. नवरा, दीर, माझी दोन्ही मुलं, भावकीतली झाडून सगळी पोरं यांच्या आधी हा पाळण्यात झोपलेला आहे. आणि कार्य झालं की ज्या सुनेला मूल नाही तिच्या ओटीत तो घालायचा, पुढच्या वर्षी खरं मूल येऊ दे म्हणून. तोच आता जावेच्या मुलीच्या पाळण्यात जाणार होता.

"आई, तो बारशाचा आहे ना?" थोरलीने विचारलं.

"दगड तो दगड," मी म्हटलं. "धुऊन ठेवू."

विज्ञानाची बाई बोलत होती. आणि पहिले तीन घाव असे लागले की मी स्वतःवरच खूश झाले. हाताएवढ्या लांब, पानासारख्या तीन कपच्या सुटल्या. चौथ्या घावाला आवाज वेगळा आला, मातीचा माठ ठोकल्यासारखा. गोळ्याला काही झालं नव्हतं. वरवंट्याचा अर्धा भाग माझ्या हातात होता आणि अर्धा गोणपाटावर.

 धाकट्याने दोन्ही तुकडे उचलून एकमेकांना लावून बघितले. ते नीट लागत होते, म्हणून तो आशेने माझ्याकडे बघत राहिला. "फणसाचा चीक लावू?" त्याने विचारलं. मला हसायला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुकडे पिशवीत घालून मी थोरलीला घेऊन पाथरवटिणीकडे गेले. तिने फुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. "ही बगा, ही मळकट रेघ. शीर व्हती आतमधी. आज न्हाय तर उद्या फुटलाच असता." हे ऐकून मला केवढं बरं वाटलं! निर्दोष असल्याचा दाखलाच मिळाला जणू. जोडता येईल का विचारलं तर ती म्हणाली, "दगूड जोडत न्हाईत, बाई." तिच्याकडच्या वरवंट्यांत मी एक शोधला, तेवढाच लांब, तसाच मधे किंचित फुगीर. तो घरी आणला, पडवीत बसून त्याला खोबरेल चोळलं, चुलीची राख चोळली, हळद लावून पुसली, पुन्हा तेल. छिन्नीच्या नव्या खुणा बुजवायला काळ्या गोट्याने घासला. चार दिवस रोज थोडं थोडं. जुना दिसायला लागला.

थोरली शेजारी बसून बघत होती. "काकीला सांगायचं नाही?"

"बाळंतिणीला असलं काही सांगत नाहीत. तिच्या मनाला लागेल. नऊ वर्षांनी बारसं होतंय, त्यात फुटका वरवंटा कशाला?"

"पण मग हा तो नाहीये ना."

"गप्प बस," मी म्हटलं. "मोठ्यांच्या गोष्टींत बोलू नकोस."

ती गप्प बसली. नुसती तेवढ्यापुरती नाही, चांगली गप्प बसली. उंडीखाली यायची बंद झाली. कपच्या तिने श्रीखंडाच्या डब्यात भरून माळ्यावर टाकल्या, वही दप्तरात गेली. धाकटा एकटाच गडग्यावरून समुद्राकडे भाला रोखून उभा राहायचा. मला राग येत होता, आणि तो मुलीवर नाही हे मला कळत होतं. जी मुलगी छापलेल्या धड्याची शहानिशा करायला निघाली होती, तिला मी तिच्या डोळ्यांसमोर तेल-राख चोळून खोटेपणा शिकवत होते. पण बोलायचं म्हटलं की जावेचा चेहरा समोर यायचा. तिला अपशकुन वाटला तर? मुलीला पुढे कधी साधा ताप आला, तरी तिच्या मनात ते येणारच. आणि फोडला कोणी, तर ताईंनी.

बारशाच्या आधीच्या मंगळवारी सकाळी मी सगळं सामान तिच्या खोलीतल्या ट्रंकेवर मांडायला घेतलं. झबली, टोपडी, पाळण्याची दोरी, घुगऱ्यांचे हरभरे, आणि लाल खणात गुंडाळलेला वरवंटा. बाळाला नुकतीच धुरी दिली होती, खोलीत ओव्याचा वास होता. जाऊ पलंगावरून उठली, झबल्यांसाठी जागा करायला तिने वरवंटा दोन्ही हातांनी उचलला आणि तशीच उभी राहिली.

"हा आपला नाही," ती म्हणाली.

"काहीतरीच! आपलाच आहे, जरा घासलाय."

तिने खण सोडूनही पाहिला नाही. "ताई, नऊ वर्षांत सहा बारशांना तो माझ्या ओटीत घातलाय. मला त्याचं वजन कळणार नाही?"

दारात थोरली उभी होती. ती कधी आली मला कळलं नाही. तिच्यासमोर मला आणखी एक खोटं बोलता येईना. मी सांगितलं. उंडीखाली कसा नेला, कसा फुटला, नवा कसा आणला, तेल, राख, सगळं. सांगताना मी पाथरवटिणीची शीरही पुढे केली, लाज वाटते पण केली.

"फुटला?" जाऊ म्हणाली. "पार फुटला?"

"दोन तुकडे झाले."

मला वाटलं होतं ती रडेल. ती पलंगावर बसली आणि हसली, आणि ते हसणं मला बरं वाटलं नाही. "सहा वेळा," ती म्हणाली. "ओटीत घातला की दिवस मावळेपर्यंत खाली ठेवायचा नाही, असं चुलत सासूबाईंनी सांगितलं होतं. बाहेर तुमच्या पंगती चालायच्या. मी आतल्या खोलीत तो मांडीवर घेऊन बसायचे. पाय बधिर व्हायचे. बायका डोकावून जायच्या, 'झोपला का गं?' विचारायच्या. थट्टेनेच. मला वाटायचं, फेकावा विहिरीत."

"मला कधी बोलली नाहीस," मी म्हटलं.

"तुमच्या धाकट्याच्या बारशाला तुम्हीच घातलात ना. तुम्ही स्वतः माझा पदर पसरलात."

मी घातला होता. मला लख्ख आठवतं. हिरवी साडी नेसून, कडेवर तान्हं घेऊन, पोट भरून कौतुक करून घेतल्यावर मी तो वरवंटा तिच्या ओटीत घातला होता आणि तिच्या कानाशी लागून म्हटलं होतं, "बघ, पुढच्या वर्षी खरा." मला त्याचा अभिमानही वाटला होता, आपण जावेसाठी किती मनापासून मागतो याचा.

"मी चांगल्या मनानेच..."

"माहीत आहे. म्हणून तर मला काही बोलता आलं नाही," ती म्हणाली. मग बाळ कुरकुरलं, तिने त्याला घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून पाजायला बसली. "आता जा, ताई. तिची दुधाची वेळ आहे."

मी बाहेर आले. वरवंटा फुटल्याचं दुःख आता शिल्लकच नव्हतं. आठ वर्षं ती माझ्या ताटाला ताट लावून जेवत होती, माझ्या मुलांना न्हाऊ घालत होती, आणि मी तिच्या ओटीत काय ठेवलं होतं ते मला माहीत नव्हतं. मी मागच्या पायरीवर बसून रडले. थोरली शेजारी येऊन बसली. मी तिला म्हटलं, "माझं चुकलं. तू विचारलंस तेव्हाच ऐकायला हवं होतं." ती म्हणाली, "दोनदा विचारलं होतं." ते बरोबर होतं.

पुढचे चार दिवस जाऊ कामापुरतं बोलली. पाणी गरम आहे का, तेल संपलं. खीर दिली की घ्यायची. 'असू दे ताई' मात्र एकदाही म्हणाली नाही, आणि त्या तीन शब्दांवर आमचं घर किती चालत होतं ते मला तेव्हा समजलं.

बारशाला माणसं फार बोलावली नव्हती, तरी भावकी म्हणजे पुढची ओसरी भरलीच. पाळणा सजला. चुलत सासूबाई पुढे बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "वरवंटा आणा गं."

मी नवा वरवंटाही पाळण्यापाशी आणला नव्हता. जावेने माझ्याकडे पाहिलं. ती काही सांगणार नाही हे मला दिसलं. सांगायचं होतं ते मीच.

"वरवंटा फुटला," मी म्हटलं. "मी फोडला. मुलांबरोबर गार फोडत होते."

अशी शांतता मी वर्गात पंधरा वर्षं मागतेय, कधी मिळाली नाही. मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. अगंबाई, आणि बारशाच्या तोंडावर, आणि एवढा जुना. चुलत सासूबाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "झालं ते झालं. नारळ घ्या त्याच्या जागी. आणि नंतर हिच्या ओटीत घाला." 'ही' म्हणजे त्यांची स्वतःची नातसून. लग्नाला तीन वर्षं झालेली. हळदीकुंकवाचं तबक धरून ती खांबाशी उभी होती. तिने पदर सावरला आणि मान खाली घातली.

"नारळ पाळण्यात घाला," मी म्हटलं. "ओटीत काही घालायचं नाही. हिच्याही नाही आणि यापुढे कुणाच्याच नाही."

"अगं, चांगल्यासाठीच घालतात."

"मीही चांगल्यासाठीच घातला होता. ते चांगलं नव्हतं." माझा आवाज चढला होता. बाळ झोपलेलं, बाहेर पुरुष माणसं बसलेली, आणि मी वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात बोलत होते. नवरा दारात येऊन बघून गेला. चुलत सासूबाईंनी तोंड फिरवून नारळ हातात घेतला. पण तबक धरलेल्या मुलीने मान वर केली.

नारळ पाळण्याखालून-वरून फिरला. नंतर बाळाला पाळण्यात घातलं. नाव कानात सांगायचं ते आत्याने, पण आम्हा जावांना सख्खी नणंद नाही. पेणहून आलेल्या चुलत नणंदेने सांगायचं, असं आधीपासून ठरलं होतं, आणि ती पदर खोचून पुढेही झाली होती. जाऊ पाळण्याच्या दोरीला हात लावून उभी होती. ती म्हणाली, "ताई सांगतील."

मी पाळण्यावर वाकले. कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. नाव सांगणारीच्या पाठीत त्याच वेळी बायका धपाटे घालतात, ती बारशातली गंमत. तसे ते पडले, हसत-खिदळत, बांगड्या वाजवत. मी उठणार इतक्यात आणखी एक पडला. तो गमतीचा नव्हता. पूर्ण हाताचा, नेम धरून घातलेला, पाठीच्या मधोमध. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वळून पाहिलं तर मागे जाऊ होती, आणि तिचेही डोळे भरलेले होते.

"लागलं का, ताई?" तिने विचारलं.

"लागलं," मी म्हटलं.

"असू दे," ती म्हणाली, आणि पाळण्यातून मुलीला उचलून तिने माझ्या ओटीत दिली.